राक्षसपार्टी

दरवर्षीं ५ नोव्हेंबर उजाडला म्हणजे सांगलीस मराठी रंगभूमि-दिनाचा सोहळा होतो. नटराजाचें पूजन होतें. विष्णुदास भावे यांच्या नांवाचें गौरवपदक एखाद्या नामांकित कलावंतास अर्पण करण्यांत येतें. आणि १८४३ सालीं याच दिवशीं भावे यांनीं केलेल्या 'सीता-स्वयंवर' या खेळाचें स्मरण वक्ते मोठ्या अभिमानानें करितात. त्या स्मरणांत पदें गाणारा सूत्रधार असतो, गणपति असतो, मोरावर बसून नाचत येणारी सरस्वती असते, वेडेवांकडे चाळे करणारा विदूषकहि असतो. नसतो तो राक्षस. त्याचें नांव निघालेंच तर तें हंशासाठीं निघतें. त्या काळच्या पौराणिक खेळांना पुढील पिढीनें 'अललडुर्र नाटकें' असें टोपणनांव दिलें, तें राक्षसाच्या आरोळीवरून. आणि हें नांव ठेवतांना तिनें जें नाक मुरडलें, तें आमच्या पुष्कळ नाट्येतिहासकारांच्या बाबतींत अद्याप सरळ झालेलें नाहीं. राक्षस हें आमच्या रंगभूमीचें बालपणींचें दुखणें होतें, वय वाढतांच तें बरें झालें, असा एकंदर सूर असतो. हा सूर आम्हांस मान्य नाहीं.

प्रथम हा राक्षस करीत काय असे, तें पाहूं. त्या वेळच्या मंडळ्यांच्या बोलींत भूमिकेला 'पार्टी' म्हणत. देवांची पार्टी वेगळी, स्त्रीपार्टी वेगळी, आणि राक्षसपार्टी वेगळी. विजेचे दिवे नव्हते. मशालींच्या उजेडांत खेळ चाले. सूत्रधार झांजांच्या तालावर आख्यानाचें पद म्हणे, आणि त्या पदांतून जें पात्र सुचविलें असेल तें प्रवेश करी. राक्षसाची पाळी आली कीं आधीं आंतून आरोळी ऐकूं येई. मग मशालीवर राळेची पूड फेंकली जाई. एकदम भडका उठे, क्षणभर सारें पांढरें-पिवळें होऊन जाई, आणि तो भडका विझतो न विझतो तोंच हातांत नागवी तरवार घेतलेला, तोंड रंगविलेला, जटा सोडलेला असा तो महापुरुष आरडत ओरडत उड्या मारीत पुढें येई. राळेच्या धुराचा वास ज्यानें एकदां घेतला आहे, त्याला या प्रवेशाची कल्पना करणें कठीण नाहीं. अंधार, भडका, पुन्हां अंधार, आणि त्या अंधारांत मघांपेक्षां जवळ आलेला आवाज, एवढी ही सामग्री. एवढ्या सामग्रीवर शेंकडों माणसांच्या अंगावर कांटा उभा करणें हें हंसण्यासारखें काम खास नव्हे.

दुसरी एक गोष्ट याहून महत्त्वाची असून तिच्याकडे फारसें लक्ष गेलेलें नाहीं. भावे यांच्या खेळांत लिहिलेलें असे तें पद. भाषण हें प्रत्येक नटानें आपल्या पदरचें करावयाचें असे. भावे यांचा 'नाट्यकवितासंग्रह' १८८५ सालीं छापून निघाला, त्यांत पदें आहेत; नटांचीं भाषणें त्यांत असण्याचें कारणच नव्हतें. आतां देव झाला तरी त्याच्या तोंडीं पुराणिकाचीच भाषा शोभावयाची, ऋषीचें तसेंच, नायिकेनें तर शोक करावयाचा. मनांत येईल तें बोलण्याची, प्रेक्षकांकडे पाहून गुरगुरण्याची, देवांना चार शिव्या हांसडण्याची खरी मोकळीक जर कोणाला असेल तर ती दोघांना, विदूषकाला आणि राक्षसाला. विदूषकाचें श्रेय आम्हीं देऊन टाकलें आहे. राक्षसाचें दिलें नाहीं, कारण त्याचा शब्द कागदावर उतरला नाहीं, आणि आमचे इतिहास बहुतांशीं कागदावरून लिहिले गेले आहेत.

हा राक्षस सांगलीस आला कोठून? ज्याला जतसारख्या सीमेवरच्या गांवीं राहण्याचा योग आला आहे, त्याला या प्रश्नाचें उत्तर देण्यास ग्रंथ उघडावे लागत नाहींत. आमच्या तालुक्यांत पूर्वेकडे चार कोस गेलें कीं लोकांच्या तोंडीं कानडी सुरू होतें. 'श्रीकृष्ण पारिजात' हा उत्तर कर्नाटकांतील लोकप्रिय खेळ या बाजूला कोणाला नवा नाहीं. त्याचा भागवत आणि आपला सूत्रधार हे एकाच घरचे भाऊ आहेत हें कळावयास येथें शहाणपण लागत नाहीं, कान पुरतात. इतिहासहि तेंच सांगतो. १८४२ च्या सुमारास कर्नाटकांतील भागवत मंडळी सांगलीस आली. ही मंडळी उत्तर कानड्यांतील कर्की गांवची असावी असें यक्षगानाचे अभ्यासक मानतात. त्यांचे खेळ सांगलीचे अधिपति चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन यांनीं पाहिले, आणि पदरच्या विष्णुपंत भाव्यांस, यांतील रांगडेपणा टाकून असे खेळ मराठींत बसवा, अशी आज्ञा केली. पुढचें सर्वश्रुत आहे.

परंतु जो रांगडेपणा टाकावयाचा होता, तो रांगडेपणा म्हणजे काय, हें मुळाशीं जाऊन पाहण्याची तसदी फार थोड्यांनीं घेतली आहे. यक्षगानांत राक्षस एकदम येत नाहीं. दोन माणसें हातांत पडदा धरून उभीं राहतात; त्याच्यामागें राक्षस नाचतो, गर्जतो, पडद्याच्या कडेवरून कधीं मुकुटाचें टोंक, कधीं बोटें, कधीं डोळे एवढेंच दाखवितो. चंडे नांवाचें वाद्य सारखें घुमत असतें, आणि गर्जना जी होते ती त्या वाद्याच्या आवर्तनांत जागा पाहून होते. दक्षिणेकडील तेंकुतिट्टु शाखेंत तर तांदुळाच्या पिठांत चुना कालवून त्याचे कांटे नटाच्या चेहऱ्यावर एकेक करून बसवितात, आणि या कामीं कित्येक तास जातात. राळ तेथेंहि उडते. म्हणजे तेथील भय हें तालांत बांधलेलें, पायरी-पायरीनें चढविलेलें, आणि रंगविण्याच्या कष्टांतून सिद्ध केलेलें भय आहे. आपल्या कोंकणांतल्या दशावतारांतील संकासुर हाहि याच कुळांतला. काळ्या वेषांतला तो असुर भिववितोहि आणि मालवणी बोलून हंसवितोहि, पण त्याचें येणें, वेदांची चोरी आणि विष्णूच्या हातून होणारें मरण हा सारा क्रम ठरलेला असतो.

भावे यांनीं नृत्याचा पसारा कमी केला, पदांना प्राधान्य दिलें, आख्यान सुटसुटीत केलें. सभ्य मराठी प्रेक्षकाला तें रुचलें, आणि तें करणें त्या वेळीं योग्यच होतें. पण नृत्य गेलें, पडद्यामागचा तो हळूहळू प्रकट होण्याचा विधि गेला, आणि राक्षसाजवळ उरलें काय, तर आरोळी आणि राळ. मूळ दागिन्यांतील सोनें वितळवून घेतलें आणि टांका तेवढा शिल्लक राहिला, असा कांहींसा हा प्रकार झाला. हा आमचा तर्क आहे. पण पुढें जें घडलें तें या तर्काशीं जुळतें.

१८५१ सालीं आप्पासाहेब वारले. दरबारचा आश्रय सुटला, आणि मंडळी घेऊन गांवोगांव फिरण्यावांचून भाव्यांस गत्यंतर राहिलें नाहीं. १८५३ सालीं त्यांनीं मुंबईस ग्रँट रोडवरील नाटकगृहांत तिकिटें लावून खेळ केले. येथून पुढें राजाच्या जागीं प्रेक्षक आला, आणि प्रेक्षक म्हटला कीं चढाओढ आली. इचलकरंजीकर, आळतेकर, कोल्हापूरकर अशा मंडळ्या एकामागून एक उभ्या राहिल्या. नकाशा उघडून पाहिल्यास हीं सारीं गांवें सांगलीपासून एका-दोन दिवसांच्या बैलगाडीच्या टप्प्यांतलीं आहेत असें दिसेल. नट एका मंडळींतून फुटून दुसरींत जात. एकीनें केलेलें आख्यान दुसरी करी. एकीचा राक्षस जसा ओरडे तसाच दुसरीचा ओरडे, किंबहुना थोडा अधिक मोठ्यानें ओरडे. कर्कीचा राक्षस पाहिलेला माणूस भाव्यांच्या मंडळींत होता. आळत्याच्या राक्षसानें भाव्यांचाच राक्षस पाहिलेला. आणि त्यापुढचा जो कोणी असेल त्यानें आळत्याचा. मूळ कोणाच्याच डोळ्यांपुढें उरलें नाहीं. राळ जास्त, उड्या जास्त, आरोळी लांब, एवढ्यावर सरशी ठरूं लागली. 'अललडुर्र' हें टोपणनांव पडलें तें या शेवटच्या अवस्थेला. पण तें चिकटविण्यांत आलें सर्वांना, अगदीं मूळ पुरुषाला सुद्धां.

एकाची नक्कल दुसऱ्यानें करावी, आणि नकलेंत कारण गळून साधन तेवढें उरावें, हें आपल्याकडेच घडलें असें नाहीं. याच स्वरूपाचा एक इतिहास पाश्चात्त्य संगीतांत गेल्या शतकाच्या उत्तरार्धांत घडला आहे. रॉक नांवाचें जें गर्जणारें संगीत अमेरिकेंत निघालें, त्याची 'शॉक रॉक' म्हणून एक शाखा आहे. प्रेक्षकाला धक्का देणें हें तिचें ब्रीद. तिचा मूळ पुरुष म्हणून स्क्रीमिंग जे हॉकिन्स या निग्रोवंशीय गायकाचें नांव घेतात. 'स्क्रीमिंग' म्हणजे किंकाळ्या फोडणारा. हें जणूं अललडुर्रचेंच इंग्रजी रूप. याची इच्छा होती ऑपेरांत गाण्याची. १९५६ सालीं 'आय पुट अ स्पेल ऑन यू' हें गीत त्यानें घोगऱ्या गुरगुराटांत आणि किंकाळ्यांत गाऊन ध्वनिमुद्रित केलें. नंतर ॲलन फ्रीड या कार्यक्रम भरविणाऱ्या गृहस्थानें त्याला तीनशें डॉलर देऊं करून शवपेटींतून रंगमंचावर यावयास लाविलें, असें सांगतात. पुढें काठीवर खोंचलेली कवटी आली, धूर आला. इंग्लंडांत डेव्हिड सच नांवाच्या तरुणानें त्याच्यावरून आपलें नांव 'स्क्रीमिंग लॉर्ड सच' असें ठेवलें आणि तोहि शवपेटींतून बाहेर पडूं लागला. (हा सच पुढें पार्लमेंटच्या निवडणुका लढवूं लागला आणि १९८३ मध्यें त्यानें आपल्या पक्षाच्या नांवांतच 'मॉन्स्टर' हा शब्द घातला. आमच्याकडील राक्षस निवडणुकीला उभे राहतांना एवढा प्रामाणिकपणा दाखवीत नाहींत.) त्यानंतर आर्थर ब्राउन आला. तोंड रंगवून, डोक्यावर जळतें शिरस्त्राण घालून तो गाई, आणि त्याचें 'फायर' हें गीत १९६८ मध्यें इंग्लंडांत पहिल्या क्रमांकावर चढलें. राळेचा भडका इतके दिवस मशालीवर होता, तो आतां नटाच्या माथ्यावर गेला.

या परंपरेंतला पुढचा मोठा पुरुष म्हणजे व्हिन्सेंट फर्नियर ऊर्फ ॲलिस कूपर. ब्राउनचें ऋण त्यानें मोकळ्या मनानें मान्य केलें आहे. १९६९ सालीं टोरोंटो येथील जलशांत एक जिवंत कोंबडी रंगमंचावर आली. यानें ती प्रेक्षकांत फेंकली आणि प्रेक्षकांनीं तिच्या चिंधड्या केल्या. दुसऱ्या दिवशीं वर्तमानपत्रांनीं छापलें कीं यानेंच तिचें मुंडकें दांतांनीं तोडलें. ओरडणाऱ्या राक्षसापेक्षां पाहणारा अधिक क्रूर निघावा, आणि बदनामी राक्षसाच्या वांट्याला यावी, याचें इतकें चोख उदाहरण दुसरें सांपडणें कठीण.

येथपर्यंत हा इतिहास आपल्या इतिहासासारखाच चालला आहे. पेटीवरून पेटी, आगीवरून आग. पण कूपरनें एक गोष्ट अशी केली कीं जिच्यामुळें आम्हांस हा सारा विषय लिहावासा वाटला. त्यानें आपल्या खेळाला शेवट दिला. त्याच्या खेळांत तो दुष्टपणा करतो, बाहुल्या तोडतो, नाना प्रकारचे उच्छाद मांडतो, आणि अखेरीस त्याला फांसावर चढवितात, किंवा गिलोटिनखालीं त्याचें शिर उडवितात. १९७३ च्या दौऱ्यांत हें गिलोटिन जेम्स रँडी या प्रसिद्ध जादुगारानें सिद्ध केलेलें होतें, आणि मारेकऱ्याची भूमिकाहि तोच करी. शिर उडाल्यावर कांहीं वेळानें तोच नट पांढरा झगझगीत पोषाख आणि उंच टोपी घालून हंसत परत येतो आणि प्रेक्षक आनंदानें घरीं जातात. ज्यानें आपल्याकडील एखादें जुनें आख्यान पाहिलें आहे, त्याला यांत अनोळखी असें कांहींच वाटणार नाहीं. राक्षस आला, मातला, त्याचा वध झाला, आणि मंगल झालें. अमेरिकेंतील या माणसाला यक्षगानाची वार्ताहि नसेल; पण भय दाखवावयाचें तर त्याला आख्यान पाहिजे, वध पाहिजे, हें त्याला आपोआप उमगलें.

हॉकिन्सला हें आख्यान मिळालें नाहीं. त्याला मिळाली फक्त पेटी. पेटींतून बाहेर यावयाचें, किंकाळी फोडावयाची, आणि दुसऱ्या रात्रीं पुन्हां त्याच पेटींत शिरावयाचें. गंभीर गायक म्हणून आपल्याला कोणी ऐकलें नाहीं, राक्षस म्हणूनच पाहिलें, हें शल्य त्याला अखेरपर्यंत होतें. २००० सालीं तो वारला. त्यांतून तो काळ्या वर्णाचा माणूस. गोऱ्यांच्या देशांत काळ्या माणसानें नाकांत हाड घालून रानटी म्हणून नाचावें, यांत प्रेक्षकांना जी गंमत वाटली ती किती निर्मळ होती, याचा विचार पुढें त्याच्याच बांधवांनीं केला. तेव्हां धक्का कोणी द्यावयाचा आणि कोणाच्या खर्चानें, हा प्रश्न या कलेच्या मुळाशींच आहे.

आतां पुन्हां आपल्या रंगभूमीकडे वळूं. ती अललडुर्रमधून बाहेर पडली असें सांगतात, तें कसें? १८६१ सालीं विनायक जनार्दन कीर्तने यांनीं 'थोरले माधवराव पेशवे' हें नाटक लिहिलें, १८८० मध्यें अण्णासाहेब किर्लोस्करांचें 'शाकुंतल' पुण्यास झालें, आणि राक्षसाला रजा मिळाली, असा हा हिशेब आहे. हिशेबांत एक मोठी रक्कम गळलेली आहे. १८८२ मधील 'सौभद्रा'कडेच पाहा. इतकें नाजूक, इतकें घरगुती विनोदाचें नाटक. पण त्याचें चाक फिरतें कोणामुळें? झोंपेंत असलेल्या सुभद्रेला उचलून अरण्यांत नेणाऱ्या घटोत्कचामुळें. किर्लोस्करांनीं राक्षसाची आरोळी काढून घेतली, पण त्याला कामावरून कमी केलें नाहीं.

आणि मग १९०७ सालीं खाडिलकरांचें 'कीचकवध' आलें. कीचकाचें आख्यान हें जुन्या मंडळ्यांच्या ओळखीचें. मातलेला बलिष्ठ पुरुष, अबलेची विटंबना, आणि रात्रीच्या अंधारांत भीमाच्या हातून त्याचा चेंदामेंदा. खाडिलकरांनीं यांत एकहि राळेचा भडका वाढविला नाहीं. त्यांनीं फक्त प्रेक्षकाला कळूं दिलें कीं हा कीचक कोठें दूर विराटनगरांत नसून सरकारी बंगल्यांत आहे. कीचकांत लॉर्ड कर्झन दिसतो हें प्रेक्षकांनीं ओळखलें, सरकारनेंहि ओळखलें, आणि १९१० सालीं नाटक बंद करण्यांत आलें. जुन्या राक्षसाच्या आरोळीनें मुलें रडत असत. या राक्षसाला सरकार भ्यालें. आमच्या मतें सांगलीच्या राक्षसपार्टीचा खरा वारस हा कीचक होय. आरोळी ज्यांनीं जशीच्या तशी उचलली ते वारस नव्हेत; त्यांना फार तर तिचे भाडेकरू म्हणावें.

या वंशांतला आणखी एक पुरुष सांगितल्याशिवाय पुढें जाववत नाहीं. १९७२ च्या डिसेंबरांत पुण्यास तेंडुलकरांचें 'घाशीराम कोतवाल' प्रथम झालें. तें उघडतें गणपति-सरस्वतीच्या नृत्यानें, म्हणजे थेट जुन्या खेळाच्या रीतीनें. घाशीराम हा राक्षस; तो मातूं लागतो, लोकांचा छळ करतो, आणि अखेर लोक त्याला ठेंचून मारतात. वध यथासांग होतो. मात्र ज्यानें त्याला निर्माण केलें तो नाना सुखरूप राहून उत्सवाची आज्ञा देतो. आख्यानाचा सांगाडा तोच, पण मंगल होत नाहीं. धक्का बसला तो येथें. अवघ्या १९ प्रयोगांनंतर मूळ संस्थेनें नाटक थांबविलें, आणि तें पुन्हां उभें राहण्यास १९७४ साल उजाडावें लागलें. पुढें तें युरोपांतहि गाजलें. तें पाहून ज्यांनीं नाकें मुरडलीं, त्यांचे पणजोबा अललडुर्रला हंसणारे होते कीं काय, असें आमच्या मनांत येऊन जातें.

कोणी म्हणेल, तुम्हीं राक्षसाचा फार कैवार घेतलात. ते जुने खेळ खरोखरच कंटाळवाणे नव्हते काय? पुष्कळसे असतील. रात्रभर तेंच तें ओरडणें ऐकणाऱ्या सुशिक्षितांस कंटाळा आला असेल तर त्यांत त्यांचा दोष नाहीं. आमचें भांडण त्यांच्या कंटाळ्याशीं नसून त्यांनीं केलेल्या निदानाशीं आहे. भय हें ग्राम्य म्हणून तें गेलें पाहिजे, असें त्यांनीं ठरविलें. वस्तुतः गेलेलें होतें तें भयाभोंवतालचें सर्व कांहीं, ताल, विधि, आख्यानाशीं असलेलें नातें. आणि राहिली होती ती एकटी आरोळी. या चुकीच्या निदानामुळें कर्कीच्या मंडळींचें ऋण मान्य करतांना आमचें तोंड थोडें वांकडें होतें, 'ओबडधोबड खेळ पाहून त्यांत सुधारणा केली' या एका वाक्यांत आम्ही तें फेडून टाकतों, आणि त्या ओबडधोबड खेळांत आम्हांस न साधलेलें असें कांहीं होतें काय, हें विचारावयाचें राहून जातें.

सांगलीचा सोहळा दरवर्षीं होतोच. त्यांत एखाद्या वर्षीं उत्तर कानड्यांतील यक्षगानाचा एखादा मेळ बोलवावा, आणि भाव्यांच्या नांवानें उभ्या असलेल्या नाट्यमंदिरांत त्याच्याकडून राक्षसाचा एक प्रवेश, पडदा धरण्यापासून शेवटच्या गर्जनेपर्यंत, पुरा करवून घ्यावा. भाषणें त्या दिवशीं थोडीं कमी झालीं तरी चालतील. पुढच्या रांगांत मुलांना बसवावें.